दिवस बुडेपर्यंत

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला काही साधे शब्दच जास्त अडवतात. त्यांतला एक म्हणजे दिवसाचा नैसर्गिक उजेड. इंग्रजीत त्याला एक सुटसुटीत जोडशब्द आहे. मराठीत 'सूर्यप्रकाश' लिहिले की शाळेतले विज्ञानाचे पुस्तक समोर येते, 'ऊन' लिहिले की घाम येतो आणि 'उजेड' लिहिले तर तो कंदिलाचाही असू शकतो. 'दिवसाउजेडी' हा शब्द आहे, पण तो क्रियाविशेषण आहे. त्याने वेळ सांगता येते, वस्तू सांगता येत नाही. म्हणजे हा शब्द आपल्याकडे नाहीच, असा निष्कर्ष काढून भाषांतरकार पुढे जातो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. मराठीने ही एक वस्तू तीन-चार शब्दांत वाटून दिली आहे, आणि ती वाटणी कामाच्या, घराच्या आणि मजुरीच्या हिशेबाने झालेली आहे. गेल्या दीडशे वर्षांत मुंबईत आणि तिच्या समोरच्या खाडीकाठावर दिवसाच्या उजेडावरून जी भांडणे झाली, ती समजून घ्यायला ही वाटणी उपयोगी पडते.

आधी 'ऊन' घेऊ. हा शब्द संस्कृत 'उष्ण'वरून आला. मधल्या प्राकृतातल्या 'उण्ह'ची खूण 'उन्हात', 'उन्हाळा' या रूपांत अजून शिल्लक आहे. म्हणजे मुळात हा उजेडाचा शब्दच नव्हे, उष्णतेचा आहे. आपण ताटात 'ऊन ऊन भात' वाढतो तेव्हा त्याचा मूळ अर्थच वापरत असतो. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात उन्हवरे. दोन्ही ठिकाणी गरम पाण्याची कुंडे आहेत. सूर्याचा त्या नावांशी काही संबंध नाही. पुढे हा उष्णतेचा शब्द सूर्याच्या उजेडाला चिकटला, तरी त्याने आपला स्वभाव सोडला नाही. ऊन 'लागते', ऊन 'खाता' येते, धान्याला आणि गाद्यांना ऊन 'दाखवता' येते. उजेड कोणी खात नाही आणि गहू-डाळीला कोणी उजेड दाखवत नाही.

'उजेड' डोळ्यांचा. तो 'पडतो', 'येतो', आणि माणसाने काही भलतेच करून ठेवले की 'काय उजेड पाडलास!' असे आपण म्हणतो. लपलेली गोष्ट 'उजेडात येते'. या दोन्ही प्रयोगांत काही दिसणे न दिसणे एवढाच मुद्दा आहे. उजेड सूर्याचा की दिव्याचा, याची चौकशी हा शब्द करत नाही. मात्र त्याच्याच घरातले 'उजाडणे' हे क्रियापद पक्के सूर्याचे आहे. खोलीत शंभर दिवे लावले तरी उजाडत नाही.

'प्रकाश' त्या मानाने पाहुणा, आणि मानाचा पाहुणा. एकोणिसाव्या शतकात मराठी वृत्तपत्रांची नावे ठेवणाऱ्यांना दिवस उगवण्याचे विलक्षण आकर्षण होते. 'प्रभाकर' (१८४१), 'ज्ञानोदय' (१८४२), 'ज्ञानप्रकाश' (१८४९), ठाण्याचा 'अरुणोदय' (१८६६). सारी संस्कृत नावे, आणि साऱ्यांत सूर्य म्हणजे ज्ञान. 'उजेड' हे नाव त्यांतल्या कोणालाही सुचले नाही. हा अंक तुमच्या हाती पडला तोही 'प्रकाशना'नंतरच. असो.

चौथा शब्द 'दिवस', आणि या लेखाचे खरे काम त्याच्याशी आहे. बोलीत दिवस म्हणजे काळाचा तुकडा तर आहेच, शिवाय दिवस म्हणजे प्रत्यक्ष सूर्य. 'दिस उगवला', 'दिवस डोक्यावर आला', 'दिवस कलला', 'दिवस बुडाला'. 'कासराभर दिवस वर आला' म्हणताना बैलाच्या कासऱ्याने आकाश मोजलेले असते. वस्तू आणि तिचे माप यांना एकच शब्द असणे, हे सोयीचे पण धोक्याचे आहे. सूर्य आहे तोवर दिवस, आणि दिवस आहे तोवर काम. मजुरीचा शब्दही तिथलाच. 'रोज' हा फारसी शब्द म्हणजे दिवस. त्यावरून रोजगार, रोजंदारी, रोजनिशी. रोजंदारीवरचा माणूस आपला दिवस विकतो, म्हणजे शब्दशः क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा सूर्य विकतो. हा सौदा शतकानुशतके चालला, कारण सूर्य मालकाच्या हातात नव्हता. कितीही कठोर मालक असला तरी दिवस बुडाला की नांगर सोडावाच लागे. अंधार ही मजुराची एकमेव हमी होती.

हा सौदा नवी मुंबईच्या भूमीवर फार ठळकपणे दिसत असे. आज जिथे वाशी, बेलापूर, उलवे, द्रोणागिरी अशी नावे स्टेशनांवर आणि होर्डिंगांवर दिसतात, त्या खाडीकाठी खारजमिनीतली भातशेती, मासेमारी आणि मिठागरे होती. इथल्या आगरी समाजाचे नावच 'आगर' म्हणजे मीठ पिकवण्याच्या जागेवरून आले, असे मानतात. मीठ 'पिकते', हे लक्षात घ्यावे. मराठीने त्याला खाणीतल्या दगडात नव्हे, पिकात जमा केले आहे. भरतीचे पाणी बांध घालून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत दाट करायचे, शेवटच्या उथळ वाफ्यात ते आटून स्फटिक धरू लागले की लाकडी फावड्याने ओढून काठाला ढीग लावायचे. पावसाळ्यानंतर डागडुजी, आणि पिकाचे दिवस मुख्यतः पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे. अवकाळी पाऊस आला की सगळे पाण्यात, तेही शब्दशः.

मिठागरात काम करणाऱ्याला ऊन आणि उजेड यांतला फरक कोशात पाहावा लागत नाही. ढगाळ दिवशी उजेड भरपूर असतो, पण मीठ धरत नाही. मिठाला ऊन आणि वारा हवा. कोळीवाड्यातल्या सुकटीचे आणि बोंबलांचेही तसेच. उलट जाळे विणायला ऊन नको, उजेड हवा. एका घरातली दोन कामे, एकाच सूर्याखाली, पण एक अंगणात आणि एक पडवीत. मिठागरांची मालकी अनेकदा दुसऱ्याची आणि राबणारे हात आगऱ्यांचे, तरी त्या कष्टालाही दिवस बुडण्याची मर्यादा होती.

खाडीच्या पलीकडे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा सुरुवातीला त्यांनीही हीच मर्यादा पाळली. भूतदयेने नव्हे, नाइलाजाने. तुटलेला धागा दिसल्याशिवाय जोडता येत नाही. म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी चाले. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि जूनमधला सव्वातेरा तासांच्या आसपास. कामाचा दिवसही त्याप्रमाणे आखडत आणि लांबत असे.

गिरण्यांच्या वास्तुरचनेत ऊन आणि उजेड यांतला फरक छपरावर कोरलेला आहे. विणकाम खात्याची करवतीच्या दातांसारखी छपरे ज्यांनी लालबाग-परळच्या बाजूला पाहिली असतील, त्यांना आठवेल की त्या प्रत्येक दाताची एक बाजू काचेची असे आणि ती उत्तरेकडे तोंड करून असे. उत्तरेकडून उजेड येतो, ऊन येत नाही. मागावरच्या सुतावर झगझगीत पट्टे पडत नाहीत, सावल्या हलत नाहीत. ही युक्ती लँकेशायरमधून आली. तिथे सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. मुंबईत मात्र तो १५ मेच्या सुमारास थेट डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि २७ जुलैच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे विलायती छपराचे गणित इथे दोन-अडीच महिने चुकते. पण त्यातला बराचसा काळ आकाशात पावसाळी ढग असल्याने ती चूक फारशी जाणवत नसावी.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या अर्जाकडे पाहायला हवे. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्या वर्षी सप्टेंबरात परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी कामगाराला भरपाई, अशा मागण्या त्यात होत्या. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, आणि लोखंडे यांचे नाव बहुतेकांना त्यामुळेच ठाऊक असते. मला त्यांतली कामाच्या वेळेची मागणी जास्त विचार करायला लावते. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

एकाच वाक्यात सकाळसाठी घड्याळ आणि संध्याकाळसाठी सूर्य! पहिल्यांदा वाचताना हे ढिसाळ वाटते. जरा हिशेब करू. त्या वेळी मुंबईत स्थानिक वेळ चाले. ती आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. त्या घड्याळाप्रमाणे ऐन हिवाळ्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवे आणि जूनमध्ये साडेपाचच्याही आधी. म्हणजे साडेसहाचा आग्रह धरल्याने हिवाळ्यात मालकाचे काही बिघडत नव्हते. उन्हाळ्यात मात्र कामगाराला उजाडल्यानंतरचा तासभर स्वतःसाठी मिळत होता. तो तास पाणी भरण्याचा, भाकरी बांधून घेण्याचा, चाळीतल्या संडासापुढच्या रांगेचा. संध्याकाळी घड्याळ मागितले असते तर हिवाळ्यात दिव्याखाली काम करावे लागण्याची वाट मोकळी झाली असती. म्हणून तिथे सूर्य. जिथे घड्याळ आपल्या बाजूचे तिथे घड्याळ, जिथे सूर्य आपल्या बाजूचा तिथे सूर्य. या अर्जामागच्या डोक्यांना उजेडाचा भाव नेमका कळत होता, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. रोजंदारीची जुनी हमी त्यांनी पहिल्यांदाच कागदावर लिहून मागितली. ती लिहून मागावी लागली, कारण ती जाण्याची चिन्हे दिसू लागली होती.

ती गेली १९०५ च्या सुमारास. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले, कापडाला मागणी होती, आणि काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत याविरुद्ध कामगारांनी दंगे केले. यंत्र नवे नव्हते, माग नवे नव्हते. फक्त उजेडाची मालकी बदलली होती. आता दिवस बुडला तरी दिवस संपत नव्हता, आणि 'दिवस' या शब्दातली वस्तू आणि माप यांची शेकडो वर्षांची गाठ सुटली. पुढे 'दिवसपाळी' हा शब्द रुळला. दिवसाला दिवस म्हणायला आणखी एक शब्द जोडावा लागतो, यातच सगळे आले.

त्यातच १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करायची होती. गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला होता आणि लोकांच्या विरोधामुळे तो दोन वर्षांत सोडून द्यावा लागला होता. या वेळी सरकार मागे हटले नाही. जिम मॅसेलोस या इतिहासकाराने या प्रकरणावर 'बॉम्बे टाइम' नावाचा सुरेख निबंध लिहिला आहे. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेत जी लढाई दिली, तिची हकीकत त्यात आहे. सुशिक्षित मुंबईकरांच्या दृष्टीने हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. वंगभंगाचे दिवस, स्वदेशीची हवा, त्यात सरकार आमचे घड्याळही हिसकावणार का?

गिरणगावात प्रश्न वेगळा होता. जानेवारीत मुंबईत सूर्य प्रमाणवेळेने सव्वासातच्या आसपास उगवतो. घड्याळ पुढे करून भोंग्याचा आकडा तोच ठेवला तर कामगाराला ३९ मिनिटे आधी, काळोखात, घराबाहेर पडावे लागणार. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी काम नाकारले. दगडफेक झाली. पुष्कळदा या घटनेकडे घड्याळाविषयीच्या अडाणी रागाची गंमत म्हणून पाहिले जाते. तीनच महिन्यांपूर्वी विजेच्या दिव्यांनी ज्यांची संध्याकाळ नेली होती त्यांच्या पहाटेवर आता घड्याळ हात टाकत होते, हे ध्यानात घेतले तर गंमत उरत नाही. महापालिका पुढे कित्येक वर्षे, स्वातंत्र्यानंतरही काही काळ, मुंबईच्याच वेळेने चालली. रेल्वे प्रमाणवेळेने. एकाच शहरात दोन वेळा. कामगारांना मात्र निवड नव्हती.

अखेर १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४८ मध्ये नऊ. हा कामगार चळवळीचा विजय आहेच. पण लोखंड्यांच्या अर्जातला सूर्यास्त त्यात कुठेच नाही. १९४८ च्या कायद्यात प्रकाशाबद्दल कलम १७ आहे. कारखान्यात पुरेसा आणि योग्य उजेड असावा, मग तो नैसर्गिक असो, कृत्रिम असो की दोन्ही मिळून, असा त्याचा आशय आहे. कायद्याच्या लेखी दोन्ही उजेड सारखेच. फक्त बायकांच्या बाबतीत, कामाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी बांधून, त्याने जुन्या दिवसाची एक सावली जपली.

उजेडाचे दुसरे भांडण घराचे. ते याच सुमारास पेटले, तेही मुंबईतच. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला, आणि तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रोग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो असे ठरल्यावर सरकारी पथके घरांमध्ये शिरली. चुना फासला, सामान बाहेर काढले, उजेड आत यावा म्हणून छपरांवरची कौले काढली. पिढ्यानपिढ्या माजघर थंड आणि अंधारे ठेवणाऱ्या लोकांना हा 'उजेड पाडणे' सोसणे कठीण गेले. आपल्याकडे घरात उजेड बेताने घेत. एखादे काचेचे कौल, एखादा झरोका, त्यातून जमिनीवर सरकत जाणारा कवडसा. कवडशाच्या जागेवरून घरातल्या बायका वेळ सांगत. जाता जाता सांगायचे तर 'कवडसा' हा मराठीतला असा एक शब्द आहे, जो दिव्याच्या उजेडाला सहसा वापरत नाहीत.

प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईतल्या घरांच्या हवा-उजेडाचा प्रश्न लावून धरला आणि त्यासाठी एक कोन सुचवला. साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा याहून जास्त चढी नसावी. हा विचित्र आकडा कुठून आला? भूमितीचे पुस्तक उघडले की कळते. या कोनात उंची ही रुंदीच्या जवळजवळ बरोबर दुप्पट येते. म्हणजे समोर वीस फूट मोकळी जागा असेल तर इमारत चाळीस फूट. पंचेचाळीस अंश धरले तर वीस फुटांना वीसच फूट. मुंबईच्या जागेच्या भावात ते कोणाला परवडणार? साडेत्रेसष्ट अंश हा आरोग्य आणि जमिनीचा भाव यांच्यातला तह होता. आकाशाचा किती तुकडा माणसाला पुरतो याचा मुंबईने बांधलेला हा पहिला ठोक दर म्हणायला हरकत नाही.

कायद्यात उजेडाचा हक्क त्याआधीच आला होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंड, कोणाच्या हरकतीशिवाय उजेड मिळत आला असेल तर तो वहिवाटीने हक्क ठरतो. शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. मात्र त्याच कायद्यात एक अपवाद आहे. उघड्या जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचा आणि हवेचा असा हक्क वहिवाटीने मिळवता येत नाही. लंडनच्या गल्ल्यांसाठी घडलेला हा विचार आहे, तिथे तो बरोबर असेल. पण खिडकीला उजेडाचा हक्क आणि वाफ्याला उन्हाचा नाही, ही तरतूद मिठागरांच्या मुलखात वाचताना मी थबकतो.

कारण नंतर नेमके तेच घडले. मुंबईची कोंडी फोडायला खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग'मधून मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भरपाई जमिनीची ठरली. तिच्यावरच्या उन्हाची किंमत ठरवायला कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता. भरपाईच्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. जासई परिसरात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला, त्यात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्याचे फळ. दि. बां.च्या चरित्राबद्दल आणि या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबतो.

नव्या शहराच्या कर्त्यांना उजेडाची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. कोरियांना तर होतीच. उष्ण प्रदेशात उघडे आकाश हीच एक खोली असते, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. १९८० च्या दशकात त्यांनी बेलापूरला जी वसाहत बांधली, ज्याला आज सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, तिच्यात सात-सात घरे एका अंगणाभोवती आहेत. कमी उत्पन्नाच्या घरालाही स्वतःची उघडी जागा आहे, आणि घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, म्हणजे ज्याला वाढवायचे त्याने वाढवावे. लोकांनी वाढवलीही, इतकी की काही ठिकाणी मूळ घर शोधावे लागते. तरी काही अंगणांत संध्याकाळी चारच्या उन्हात पापड वाळताना दिसतात, तेव्हा कोरियांचा मराठी 'अंगण' या शब्दाशी परिचय कितपत असेल, असा विचार मनात येतो. मराठीत अंगण म्हणजे घराचा तो भाग, ज्याला छप्पर नसते.

बाकीच्या नवी मुंबईत उजेडाचे गणित उलटे झाले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औद्योगिक पट्ट्याने तीन पाळ्या आणल्या. वाशीच्या बाजार समितीत भाजीचे ट्रक मध्यरात्रीनंतर लागतात आणि शहर उठेपर्यंत तिथला मोठा व्यवहार उरकलेला असतो. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत दुसऱ्या गोलार्धातला दिवस भरला जातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रियांनाही, त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करण्याची मोकळीक दिली. ती समानतेच्या दृष्टीने योग्यच आहे, आणि ती मागणाऱ्या स्त्रियाच होत्या. पण १८८४ च्या अर्जातल्या सूर्यास्ताचा उरलेला धागाही त्याबरोबर तुटला. या शहरात उजाडणे म्हणजे हजारो लोकांचा कामाचा दिवस संपणे. त्यांच्या खिडक्यांना दुपारी जाड काळे पडदे असतात. आकाशाचा जो तुकडा ऑरसाहेबांनी कोनाने मोजून दिला, तो पैसे देऊन झाकावा लागतो.

आणि मूळ गावे? तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे... शहराच्या नकाशात गावठाणाची रेघ जुनीच राहिली. घरातली माणसे वाढली, शेत आणि मिठागर गेले, तेव्हा वाढायला उरली ती दिशा वरची. इथे त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. ती नियमित करायची की पाडायची हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. त्या वादात मला शिरायचे नाही. फक्त ऑरसाहेबांचा कोन तिथल्या एका गल्लीत नेऊन पाहू. गल्ली सहा फूट धरली तर दोन्ही बाजूंना बारा फूट उंची चालेल, म्हणजे एक मजला. प्रत्यक्षात तीन-चार मजले आहेत, आणि वरच्या सज्जांमध्ये शेजारणी हात लांबवून वाटी देऊ-घेऊ शकतात. पलीकडे सेक्टरमध्ये, त्याच गावाच्या पूर्वीच्या जमिनीवर, वीस-वीस मजल्यांच्या इमारती नियमाप्रमाणे अंतर सोडून उभ्या आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत 'भरपूर नैसर्गिक प्रकाश' ही एक सुविधा म्हणून मोजलेली असते, वाहनतळ आणि पोहण्याच्या तलावाच्या रांगेत. तिथे 'उजेड' हा शब्द चालत नाही. 'प्रकाश' लागतो.

बोलीने या सगळ्यातून एक वाट काढलेली आहे, तिची नोंद करायला हवी. वीज आली तेव्हा मराठी माणसाने दिव्याच्या उजेडासाठी 'लाइट' हा परका शब्द घेतला आणि तो स्त्रीलिंगी करून टाकला. 'लाइट गेली', 'लाइट आली', 'लाइटबिल'. इंग्रजीत तोच शब्द सूर्यालाही चालतो. मराठीत सूर्याच्या उजेडाला कोणीही 'लाइट' म्हणत नाही. कायद्याने ज्या दोन वस्तू एक करून टाकल्या, त्या बोलण्यात अजून वेगळ्या आहेत. गावठाणातल्या घरांत कौले राहिली नाहीत, स्लॅबमध्ये काचेचे कौल बसवता येत नाही. खालच्या मजल्यावर चुलीची जागा होती तिथे आता भाडेकरू राहतो. भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर मे महिन्याचे ऊन रणरणत असताना, बाहेरून आलेली आजी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबते, भिंत चाचपते आणि वर हाक मारते, "लाइट लाव गं पोरी, काय दिसत नाय."